जुन्या एमजीबीला टायर कुठले घ्यायचे? पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

इथे इंग्लंडमध्ये आपल्या मराठी मंडळींपैकी कुणी जुनी स्पोर्ट्स कार घेतली की बहुतेक वेळा ती एमजीबी असते, कारण पार्ट सगळे मिळतात, इंजिन साधं आहे आणि घरच्या घरी पाने घेऊन बसलं तरी बरंचसं काम होतं. गाडी आली की आठवड्याभरात मला फोन येतो, अरे टायर कुठल्या कंपनीचे टाकू? मी दरवेळी सांगतो की कंपनी सगळ्यात शेवटी. आधी टायरचं वय, मग माप, मग रिम, मग टायरचा प्रकार, आणि एवढं सगळं झालं की कंपनीचा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटलेला असतो.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. माझी जीटी, म्हणजे एमजीबीचंच बंद छपराचं मॉडेल, १९७२ ची आहे, घेतली तेव्हा टायरची नक्षी भरपूर शिल्लक होती, विकणाऱ्याने पण टायर जवळजवळ नवीन आहेत असं सांगितलं आणि मी वर-वर बघून मान डोलावली. सप्टेंबरात पहिला पाऊस झाला, घराजवळच्या राउंडअबाउटला मी वीसेक मैलाच्या स्पीडने वळलो असेन, मागची बाजू काही न सांगता सरकली, गाडी अर्धी फिरली आणि मागचं चाक कर्बला जाऊन लागलं. शेजारी बायको बसली होती. लागलं कुणाला नाही, पण घरी येऊन टॉर्च घेऊन गाडीखाली पडलो आणि तारीख वाचली, टायर १५ वर्षांचे होते. रबर इतकं कडक झालेलं की अंगठ्याचं नख दाबलं तरी खूण उमटत नव्हती. गाडी वर्षाला पाचशे-हजार मैल चालते, त्यामुळे नक्षी झिजतच नाही, रबर मात्र जागच्या जागी म्हातारं होतं. जुन्या गाडीच्या बाबतीत नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच फसतो.

म्हणून पहिलं काम तारीख वाचणं. टायरच्या साइडवॉलवर डीओटी अशी तीन अक्षरं असतात, त्यांच्यापुढे अक्षरं-आकड्यांची रांग असते आणि शेवटी चार आकडे. समजा ३४१७ असेल तर २०१७ सालातला ३४ वा आठवडा, म्हणजे ऑगस्टचा शेवट. पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो आणि ती बाजू आतल्या अंगाला गेलेली असू शकते, त्यामुळे बाहेरून दिसलं नाही म्हणजे तारीख नाहीच असं समजू नका, जुनी सतरंजी टाका आणि खाली जा. गाडी जॅकवर असेल तर स्टँड लावल्याशिवाय अजिबात खाली जायचं नाही. चारच्या ऐवजी तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे, तिथे पुढचा काही विचारच करायचा नाही, काढून टाकायचा.

तारखेसोबत भेगा बघा. साइडवॉलवर, आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी, केसासारख्या बारीक. बोटाने टायर थोडा दाबून खाच उघडली की त्या नीट दिसतात. माझा स्वतःचा हिशेब असा आहे की सहा वर्षं झाली की दर वसंतात नीट तपासायचे, आणि दहा वर्षं झाली की दिसायला कितीही चांगले असोत, बदलायचे. मिशलिनसुद्धा दहा वर्षं हीच शेवटची मर्यादा सांगते. इथल्या सरकारने १ फेब्रुवारी २०२१ पासून लॉरी, बस आणि कोच यांच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचे टायर वापरायला बंदी घातली. कारला हा नियम लागू नाही, पण बसला जे धोक्याचं ते माझ्या गाडीला चालेल असं मला तरी वाटत नाही.

नक्षीचा कायदा म्हणाल तर रुंदीच्या मधल्या तीन चतुर्थांश भागात सगळीकडे किमान १.६ मिमी खोली लागते. २० पेन्सचं नाणं खाचेत उभं घाला, नाण्याची बाहेरची कड दिसत राहिली तर टायर मोजून घ्यायची वेळ आली. ४० वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाडीला २०१८ पासून एमओटी, म्हणजे गाडीची इथली वार्षिक तपासणी, सक्तीची नाही, त्यामुळे वर्षातून एकदा कुणीतरी तिसरा माणूस टायर बघायचा तेही आता होत नाही. पण सूट फक्त टेस्टची आहे. टायर नियमात नसेल तर एका टायरमागे २५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट हे जुन्या गाडीलाही लागू आहेच.

आता माप, आणि इथे थोडं थांबूया.

एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ॲबिंग्डनला बनली. सुरुवातीच्या रोडस्टरना, म्हणजे उघड्या छपराच्या गाड्यांना, ५.६०-१४ असे क्रॉसप्लाय (आत तिरक्या, एकमेकांवरून जाणाऱ्या थरांचे, जुन्या पद्धतीचे) टायर यायचे, रेडियल (आजच्या पद्धतीचे) पाहिजे असतील तर १५५ चे, आणि जीटी जरा जड म्हणून तिला १६५. जुन्या हँडबुकात १६५ एसआर १४ एवढंच लिहिलेलं असतं. यातला १६५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, एस हा स्पीडचा, आर म्हणजे रेडियल आणि १४ हे रिमचं इंचातलं माप. साइडवॉलच्या उंचीचा आकडा लिहिलेलाच नसतो, कारण त्या काळी ती साधारण रुंदीच्या ८० ते ८२ टक्के असणार हे गृहीतच होतं. त्यामुळे आजच्या भाषेत आपलं माप झालं १६५/८० आर १४.

चाकाची एकूण उंची स्वतः काढून बघा, अवघड नाही. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२, वर आणि खाली मिळून २६४, त्यात १४ इंची रिमचे ३५५.६ मिळवा, झाले ६२० मिमी. आता दुकानात जे पर्याय दाखवतात ते याच पद्धतीने मोजा. १८५/७० आर १४ ची उंची येते ६१५, म्हणजे फरक एक टक्कासुद्धा नाही. १७५/७० ची ६०१, म्हणजे तीन टक्के कमी, काटा ६० दाखवतो तेव्हा तुम्ही खरे ५८ ने जाताय. रोडस्टरला मूळ १५५ होते, तिथे हाच १७५/७० बराच जवळ जातो, जीटीला तो लहान पडतो. आणि १९५/६०, जो लोकांना दिसायला आवडतो, तो ५९० मिमी, पाच टक्क्यांनी लहान. म्हणजे मोटरवेवर इंजिन अजून जास्त फिरणार, आणि ओव्हरड्राइव्ह (मोटरवेवर इंजिन हळू फिरावं म्हणून असलेला जादा वरचा गिअर) नसलेल्या एमजीबीत ७० ला आधीच किती आवाज असतो ते बसलेल्याला माहिती आहे.

मापाइतकंच रिमकडे लक्ष द्या. साधी लोखंडी डिस्कची चाकं ४ इंच रुंद, तारांची ४.५ इंच आणि नंतर आलेली रोस्टाइल नावाची नक्षीदार लोखंडी चाकं ५ इंच. १६५/८० टायर ४ ते ५.५ इंचाच्या रिमवर चालतो, म्हणजे तिन्हींवर. १८५/७० ला किमान ४.५ लागतात, तो डिस्कवर बसवायचा नाही. १९५/६० ला किमान ५.५ लागतात, म्हणजे तो या तिन्हींपैकी कशावरच बसायला नको. तरी लोक बसवतात, कारण हवा भरली की टायर चढतो आणि बसल्यासारखा दिसतो. अरुंद रिमवर रुंद टायरचं पोट फुगतं, मधलाच भाग रस्त्याला टेकतो आणि वळणावर साइडवॉल लोळते. मग पैसे देऊन घेतलेली जास्तीची रुंदी गेली कुठे?

एमजीबीची बॉडी डावी-उजवीकडे अगदी एकसारखी नसते हेही लक्षात असू द्या, बऱ्याच गाड्यांत मागच्या एका चाकाला मडगार्डजवळ दुसऱ्यापेक्षा काही मिलिमीटर कमी जागा असते. १८५ घ्यायचा विचार असेल तर आधी मागे दोन मोठी माणसं बसवून किंवा डिकीत वजन ठेवून दोन्ही बाजूंना बोट घालून बघा. आधीच घासल्याची चकाकी दिसत असेल तर १६५ वरच राहा.

आता लोक म्हणतात की रुंद आणि चिकट टायर म्हणजे जास्त ग्रिप, मग परफॉर्मन्स गाडीला तेच नको का. मला हे समजायला दोन वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आजच्या गाडीचं सस्पेन्शन चाक वळणावरही शक्य तितकं सपाट टेकावं असं बनवलेलं असतं, आणि त्यासाठीच बुटक्या, कडक साइडवॉलचे रुंद टायर असतात. एमजीबीला पुढे विशबोन आणि लिव्हर आर्मचे शॉक, मागे लीफ स्प्रिंगवर सरळ ॲक्सल. ही गाडी वळणावर कलते, कलणारच, आणि तिच्यासोबत चाकही थोडं तिरकं होतं. उंच, मऊ साइडवॉलचा, गोल खांद्याचा टायर ते तिरकेपण स्वतः वाकून सामावून घेतो. सपाट रुंद टायर मात्र एका कडेवर उभा राहतो.

दुसरं म्हणजे जुन्या पद्धतीचा टायर सुटायच्या आधी सांगतो. आधी स्टीअरिंग किंचित हलकं लागतं, मग बारीक कुरकुर ऐकू येते, मग गाडी हळूच बाहेर सरकायला लागते, आणि या सगळ्यात तुम्हाला पाय काढायला वेळ मिळतो. माझ्यासाठी एमजीबी चालवण्याचा सगळा आनंद यातच आहे, चाळीसच्या स्पीडलासुद्धा गाडी तुमच्याशी बोलत असते. फार ग्रिपवाला आधुनिक टायर बराच वेळ धरून ठेवतो आणि सुटतो तेव्हा एकदम, आणि तोपर्यंत तुमचा स्पीडही जास्त असतो. शिवाय ती जास्तीची ओढ जाते कुठे, तर किंगपिन (पुढचं चाक ज्याच्यावर वळतं तो खिळा), व्हील बेअरिंग आणि तारांच्या चाकाच्या स्पोकवर, आणि हे भाग त्या ओढीच्या हिशेबाने बनवलेलेच नाहीत. पॉवर स्टीअरिंग नाही, त्यामुळे पार्किंग करताना खांदे भरून येतात ते वेगळंच. आणि पावसात अरुंद टायर पाणी कापत खाली रस्त्यापर्यंत पोचतो, रुंद टायर हलक्या गाडीखाली पाण्यावर तरंगायला लवकर लागतो. इथे पाऊस किती पडतो ते सांगायला नको.

माप ठरलं की प्रकार. साधा रस्ता हा की नेहमीच्या कंपन्यांचा रोजच्या गाडीचा १६५/८० किंवा १८५/७० घ्यायचा. स्वस्त पडतो, पावसात चांगला, आणि महिन्यातून दोनदा गाडी काढणाऱ्याला पुरेसा आहे, यात कमीपणा काही नाही. दुसरा, आणि माझ्या मते जीटीला सगळ्यात शोभणारा, म्हणजे त्या काळच्याच डिझाइनचे पण आज नव्याने बनवलेले टायर. मिशलिनचा एक्सएएस हा १९६५ चा, आत-बाहेर वेगवेगळी नक्षी असलेला, पिरेलीचा सिंट्युराटो सीए ६७, आणि व्रेडेस्टाइनचा स्प्रिंट क्लासिक. व्रेडेस्टाइन कंपनी मूळची डच, २००९ मध्ये आपल्या अपोलो टायर्सने घेतली. या टायरची रचना आणि खांद्याचा गोलपणा जुन्या गाडीला धरून असतो. किंमत साध्या टायरच्या बरीच वर जाते, पण चार टायर आठ-दहा वर्षं चालणार आहेत असा हिशेब केला तर मला ती पटते. कुठल्या मॉडेलमध्ये तुमचं नेमकं माप सध्या मिळतंय ते ऑर्डरच्या आधी विचारून घ्या. तिसरा प्रकार ट्रॅकचे टायर, ते रेस करणाऱ्यांसाठी, थंड आणि ओल्या रस्त्यावर नवीन माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

स्पीडचं अक्षर बघा, एस १८० किमीपर्यंत, टी १९०, एच २१०. एमजीबी जोर लावून १६५-१७० पर्यंत जाते, त्यामुळे एस किंवा टी कागदावर पुरतात, पण मिळत असेल तर मी एच घेतो. त्याच्याआधी वजनाचा आकडा असतो, ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो. जीटी साधारण ११०० किलोची, चार टायर मिळून २००० किलो पेलतात, माणसं आणि सामान धरून आरामात.

एक सापळा मात्र नक्की सांगतो. शोधताना १६५ आर १४ सी असा टायर दिसेल, माप तंतोतंत आणि किंमत निम्मी. तो शेवटचा सी म्हणजे कमर्शियल, व्हॅनचा आणि ट्रेलरचा टायर, मालाचं ओझं घेण्यासाठी बनवलेला, साइडवॉल दगडासारखी. माझ्या ओळखीच्या एकाने टाकले होते, गाडी प्रत्येक खड्ड्याला उडायची आणि बिचाऱ्याने स्प्रिंग बदलायला काढल्या होत्या.

तारांची चाकं असतील तर अजून थोडं काम आहे. स्पोक रिममधून आरपार येतात, हवा धरून राहत नाही, म्हणून आत ट्यूब लागते, टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी. ट्यूब रेडियलची आणि बरोबर मापाची घ्या, टायर नवीन तर ट्यूबही नवीन, आणि रिमवर रबरी पट्टी. पट्टीच्या आधी रिमच्या आतून हात फिरवा, एखाद्या स्पोकचं टोक वर आलेलं असेल तर ते कानशीने घासून सपाट करा, नाहीतर दोनशे मैलांत ट्यूबला भोक. काही आधुनिक टायरच्या आत बारीक उंचवटे असतात, त्यांनीही ट्यूब घासते, तेव्हा टायर चढवायच्या आधी आतूनही हात फिरवायचा आणि फ्रेंच चॉक, म्हणजे टाल्कसारखी पावडर, लावायची.

बॅलन्सिंगलाच बहुतेक जण वैतागतात. साध्या दुकानात चाक मधल्या भोकातून एकाच बाजूच्या कोनवर, म्हणजे शंकूसारख्या ठोकळ्यावर, धरतात, तारांचं चाक असं सरळ बसतच नाही, दोन्ही बाजूंनी कोन लागतात. मशीनवर चाक फिरताना जरा दूर उभे राहून रिमची कड बघा. कड वर-खाली नाचत असेल तर मशीनने सांगितलेली वजनं खोटी आहेत. एका दुकानात माझ्या मित्राच्या चाकावर चौथ्यांदा वजनं चिकटवत होते, मी सांगितलं की चाक आधी मध्यावर धरा, त्यांच्याकडे तो ॲडॅप्टरच नव्हता. दुकानात नेण्याआधी फोन करून विचारा, तारांच्या चाकाचे दोन्ही कोन आहेत का. हो म्हणाले तरच जा.

टायर चारही एकदम बदला. पैशांमुळे दोनच घेणार असाल तर नवीन दोन मागे, म्हणजे पावसात मागची बाजू आधी सुटणार नाही. जुन्या गाडीवर कधीकधी क्रॉसप्लाय आणि रेडियल एकत्र सापडतात. एका ॲक्सलवर असं मिश्रण चालत नाही, आणि पुढे रेडियल मागे क्रॉसप्लाय हेही इथे कायद्याने चालत नाही.

आणि पाचवा टायर विसरू नका. स्टेपनी हा आपला शब्द खरं तर इथलाच आहे, वेल्समधल्या लानेल्ली गावात स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास हे जादा चाक बनायला लागलं आणि त्या रस्त्याचं नाव आपल्याकडे घरोघरी जाऊन बसलं. एमजीबीच्या डिकीत तळाशी पडलेल्या स्टेपनीची तारीख वाचा, कारण चार टायर बदलणारे लोक तिला वर्षानुवर्षं हात लावत नाहीत.

हवेचं सांगतो. हँडबुकात रेडियलला पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय दिलंय. आजच्या दुकानात पोरगा न विचारता ३२ भरून देतो, मग गाडी उड्या मारते आणि लोक टायरला नावं ठेवतात. घरी येऊन थंड टायरवर स्वतःच्या गेजने मोजा, २१-२४ पासून सुरुवात करा आणि दोन-दोन पीएसआयने वाढवत तुमच्या गाडीला काय आवडतं ते बघा. बरेच जण शेवटी पुढे २४-२५, मागे २६-२७ ला येऊन थांबतात, मीही तिथेच आहे. सोबत पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, टो-इन (पुढची चाकं समोरच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते) साधारण १.६ ते २.४ मिमी, हा आकडा कागदावर लिहून न्या, कारण दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये एमजीबी असेलच असं नाही.

माप बदललं, म्हणजे १६५ चं १८५ केलं, तर इन्शुरन्सवाल्यांना कळवा. हिवाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर हवा थोडी वाढवून ठेवा आणि महिन्यातून एकदा गाडी हातभर पुढे-मागे सरकवा, एकाच जागी टेकून टायर चपटा होतो आणि वसंतात पहिल्या दिवशी स्टीअरिंग थरथरतं.

भारतात एमजीबी असलेल्यांसाठी एक चांगली गोष्ट. १६५/८० आर १४ हेच माप मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरच्या साध्या व्हेरियंटना येतं, त्यामुळे पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात कुठल्याही टायरच्या दुकानात ताजा टायर मिळतो. तो मायलेजसाठी बनवलेला असतो, त्यामुळे स्टीअरिंगला तेवढी मजा येत नाही, पण परदेशातून आणलेल्या आठ वर्षं जुन्या नामांकित टायरपेक्षा तो कितीतरी सुरक्षित. बाहेरून मागवायचेच असतील तर आधी चौकशी करा, जून २०२० मध्ये डीजीएफटीने, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याने, नवीन टायरची आयात प्रतिबंधित यादीत टाकली होती आणि आयएसआयची अट त्याआधीपासून आहे, त्यामुळे पैसे भरायच्या आधी सध्याचा नियम आयात करणाऱ्याकडून लेखी घ्या.

टायर बसले की पहिले शंभर मैल सांभाळून चालवा, साच्यातून काढताना लावलेला चिकट थर वरून जायला लागतो तेवढा वेळ, त्या दिवसांत पावसात टाळता आलं तर टाळा. आणि पन्नासेक मैलांनंतर नट परत आवळा. तारांची चाकं असतील तर मधला मोठा नट तांब्याच्या हातोड्याने, चाक जमिनीवरून उचलून, नटावर बाण काढलाय त्या बाजूला बघून, कारण बाण सोडायची दिशा दाखवतो, आवळायची नाही, आणि डाव्या-उजव्या बाजूचे आटे एकमेकांच्या उलट असतात.